वाटणीतला गोऱ्हा

सिंधूची बाजू घेऊन मी हे लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. दोन्ही बाजू सारख्या तोलायला मला कुणी पंच नेमलेलं नाही. मी अंगणवाडीची बाई. तिच्या सासरचा गोठा आणि माझं अंगण यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत आहे, आणि भिंतीपलीकडचा श्रीमंत मला पहिल्या दिवसापासून आवडलेला नाही.

श्रीमंत म्हणजे सिंधूचा थोरला दीर. आमचं गाव कंधार तालुक्यातलं. इथे शेतीवाडीच्या घरात थोरल्याचा शब्द चालतो, पण या घरात तो जरा जास्तच चालायचा. धाकटा भागवत, म्हणजे सिंधूचा नवरा, दादाने बस म्हटलं की बसणारा आणि ऊठ म्हटलं की उठणारा. माणूस वाईट नाही, पण बायकोच्या बाजूने तोंड उघडलेलं मी तरी एकदाही पाहिलं नाही.

सिंधू लातूर जिल्ह्यातली, देवणीकडची. लग्नात तिच्या वडिलांनी आंदण म्हणून एक देवणी गाय दिली. अंग पांढरं, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, म्हणून तिचं नाव काजळी. आमच्या भागात सगळी लाल कंधारी गुरं. आमचे बैल बघायला माणसं लांबून येतात, पण गाईच्या दुधाचं विचारू नये. वासरू पिऊन झालं की चहापुरतं उरलं तर उरलं. त्यामुळे काजळी आली तेव्हा गल्लीतल्या बायका बघायला जमल्या होत्या. दोन वेळचं मिळून भगुणंभर दूध, तेही दाट, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर भाकरीसारखी साय.

देवणीचे नखरे मात्र असतात. सड आखूड, त्यांवर मूठ बसत नाही, अंगठा आणि दोन बोटांनी धार काढावी लागते. आधी वासराने कासेला ढुशा द्यायच्या, मग ती पान्हवणार. पान्हवली तरी शेवटचं दूध वासरासाठी राखून ठेवणार, मग तुम्ही कितीही ओढा. नवखं माणूस जवळ आलं तर पान्हा चोरणार. एकदा सिंधू तापाने पडली तेव्हा श्रीमंतची बायको रेणुका सिंधूची साडी नेसून धार काढायला बसली आणि लाथ खाऊन उठली. मी भिंतीवरून पाहत होते, मला हसू आवरलं नाही. रेणुकाने ते अजून मनात ठेवलंय.

सिंधूला त्या गाईचा गर्व होता आणि तो तिला शोभायचा. त्या घरातल्या चुलीपासून खुंटीपर्यंत सगळं श्रीमंतचं; हिचं म्हणता येईल अशी ती एक गाय होती.

पहिल्या बाळंतपणाला सिंधू माहेरी गेली आणि श्रीमंतने काजळी देगलूरच्या बाजारात विकून टाकली. तिच्या जागी काळी-पांढरी विलायती गाय आणून बांधली. पुस्तकात तिला होल्स्टीन म्हणतात. आमच्याकडे वशिंड नसलेली कुठलीही गाय म्हणजे जर्शी. सिंधू लेकीला घेऊन परत आली, तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायच्या आधीच तिची नजर गोठ्याकडे गेली. माझी गाय कुठंय, एवढंच तिने विचारलं. श्रीमंत बाजेवर बसला होता, तो उठलासुद्धा नाही.

"ही कुणाच्याबी हाताला धार देती," तो म्हणाला. "हिला सिंधूच पायजे असं न्हाई."

भागवत जमिनीकडे बघत उभा राहिला. सिंधू घरात गेली. मला वाटलं, रडेल, भांडेल, निदान भांडी आदळेल. काहीच केलं नाही, आणि मला तेव्हाच कळलं की ही गोष्ट इथे संपत नाही.

जर्शी खरोखरच तो म्हणाला तशी होती. कास मोठी, सड लांब, धार इतकी मोकळी की बसली तरी दूध ठिबकायचं. बादलीची कडी वाजली की ती पान्हवायची. समोर कोण बसलंय, बाई की बाप्या, घरचं की पाहुणं, तिला कशाचंच काही नव्हतं. पहिलं वासरू जन्मताच बाजूला काढून बादलीने पाजलं, तरी तिने मान वळवून पाहिलं नाही. श्रीमंतने पुढे दूध काढायचं यंत्र आणलं. चार नळ्या सडांना लावल्या की ही रवंथ करत उभी. दूध पातळ, पण एवढं की केंद्रावर श्रीमंतचे कॅन उचलायला दुसरा माणूस लागायचा. तो गावभर सांगत फिरायचा की गाय असावी तर अशी, लाडीगोडी नको नि वासरू नको. शेण, वैरण, आंबोण मात्र सिंधूच्याच अंगावर, आणि लाइट गेली की धारही तिनेच काढायची. लाइट तर आमच्याकडे येण्यापेक्षा जाण्यासाठीच असते.

दुसऱ्या वेताला जर्शीला गोऱ्हा झाला. जर्शीचा गोऱ्हा कुणालाच नको असतो. मानेवर जू ठरत नाही, आमच्या उन्हात औताला टिकत नाही. चार दिवसांनी देऊन टाकू, असं श्रीमंत म्हणाला. सिंधूने सांगितलं, त्याला हगवण लागलीय, बादलीचं दूध सोसत नाही, बरा झाला की बघा. श्रीमंत तेव्हा सोसायटीच्या निवडणुकीत पॅनल घेऊन फिरत होता आणि यंत्र नेमकं बिघडलं होतं. ते आपोआप बिघडलं असं मी म्हणणार नाही.

आता धार सिंधूच्या हातात आली. ती काय करते आहे ते मला आधी कळेना. बादलीचा आवाज ऐकून जर्शी पान्हवली की ही उठून निघून जायची. दूध ठिबकून मातीत गेलं तरी बघायची नाही. मग थोड्या वेळाने गोऱ्ह्याला सोडायची. त्याने ढुशा दिल्या, चारही सड चोखले, जर्शीने त्याला चाटलं, की त्यानंतरच ही खाली बसायची, आणि शेवटचं दूध त्याच्यासाठी ठेवायची. रोज, दोन्ही वेळा, असंच. हळूहळू जर्शी कडीच्या आवाजाला नुसते कान हलवायला लागली. गोऱ्हा आणल्याशिवाय कास सैल सोडेना. त्याला जरा लांब नेलं तर हंबरायला लागली, जी आधी पोटच्या वासराकडे बघत नव्हती. शेवटी न राहवून मी विचारलं, हे काय चालवलंयस म्हणून.

"हिला लाज शिकवायलेय, बाई," सिंधू म्हणाली.

एवढं थंड बोलणं मी आजवर ऐकलेलं नाही. मला भारी आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

गोऱ्हा जरा उभारीला आला आणि सिंधूने भागवतच्या मागे लागून वाटणी मागायला लावली. पोळा होऊन गेला होता. चार भाऊबंद ओसरीवर बसले. जमीन सारखी वाटली गेली, घरात भिंत घालायचं ठरलं, गोठ्यात मधोमध पत्रे उभे करायचे ठरले. गुरांचं निघालं तेव्हा श्रीमंत म्हणाला, जर्शी मी आणली, जर्शी माझी. भागवत काही बोलणार, म्हणजे नेहमीप्रमाणे बरं म्हणणार, तेवढ्यात आतल्या दारातून सिंधूचा आवाज आला. गाय तुम्हाला राहू द्या, आम्हाला गोऱ्हा द्या. ओसरीवर जो हशा पिकला तो माझ्या घरात ऐकू आला. ना दुधाचा ना औताचा, नुसता चारा खाणारा प्राणी मागून घेतला म्हणून भागवतला तोंड लपवावंसं झालं. श्रीमंतने तर मोठ्या मनाने गोऱ्ह्याचं दावंही देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्याच्या अलीकडे गोऱ्हा आणि पलीकडे जर्शी. यंत्र दुरुस्त होऊन आलं होतं. नळ्या लागल्या, यंत्र फुसफुसत राहिलं आणि भांड्यात तळ झाकेल एवढं दूध पडलं. श्रीमंतने यंत्राला शिव्या दिल्या. संध्याकाळी हाताने काढायला बसला, जर्शीने पाय झाडला. आंबोण दाखवून झालं, गूळ चारून झाला. पेंढा भरलेलं वासरू कुठूनतरी आणून पुढ्यात उभं केलं. जर्शीने एकदा हुंगलं आणि पत्र्याकडे तोंड फिरवून हंबरली. पत्र्याच्या अलीकडून गोऱ्ह्याने उत्तर दिलं. मग त्याने पान्ह्याचं इंजेक्शन आणलं, डॉक्टर नको म्हणत असताना. त्याने एखाद-दोन वेळा दूध उतरलं आणि मग तेही चालेना. कासेचा एक भाग दगडासारखा झाला. दूध केंद्रावर लोक विचारू लागले, श्रीमंतराव, गाय आटली का काय. त्याचा पडलेला चेहरा बघायला मी मुद्दाम त्या वेळेला केंद्रावर जात होते.

शेवटी तो आला. भिंत नवी होती, तिच्यावरून हाक मारणं त्याला जमेना, म्हणून पुढच्या दाराने आला. धारेपुरता गोऱ्हा दे, म्हणाला. सिंधू ज्वारी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"माझी काजळी आणून बांधा," ती म्हणाली. "तिची धार काढते, मग गोऱ्हा सोडते."

आमच्या गावात श्रीमंतला अट घालणारी ही पहिली बाई. तो तणतणत गेला, पण दुसऱ्याच दिवशी देगलूरला गेला. ज्या हेड्याला, म्हणजे गुरांच्या व्यापाऱ्याला, काजळी विकली होती तो वीरण्णा अजून बाजारात बसायचा, आणि त्याला विकलेलं प्रत्येक जनावर माणसासारखं ओळखीचं. त्याने तेलंगणाच्या शिवेवरच्या एका गावाचं नाव सांगितलं. आठवडा जायच्या आत टेम्पो आमच्या गल्लीत शिरला.

काजळी जरा थोराड झाली होती, नुकतीच व्यायलेली होती. सिंधू टेम्पोत चढली, तिच्या गळ्यात पडली. काजळीने तिचा हात हुंगला, मनगट चाटलं. ओळखलं, अगदी नक्की ओळखलं. सिंधूच्या चेहऱ्यावर मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा हसू पाहिलं. मग तिने टेम्पोच्या मागे वाकून पाहिलं आणि विचारलं की वासरू कुठंय.

"तू गाय मागितली," श्रीमंत म्हणाला. "वासराचं कुठं बोलली? वाटणीत मीबी नुसती गायच मागितली व्हती."

मेला किती दिवस हे मनात घोळवत असेल. गाय आपल्या हाताला धार देईल, असं सिंधूला वाटलं असावं. संध्याकाळी तांब्या घेऊन बसली, कास कोमट पाण्याने धुतली, पाठीवर थाप मारली, माहेरी म्हणत ते काहीबाही गुणगुणली. काजळी शांत उभी राहिली, लाथ मारली नाही, पण पान्हा सोडला नाही. कास भरलेली, सड ताठ, आणि तोंड देगलूरच्या रस्त्याकडे. हंबरली ती अशी की मला कानांवर हात ठेवावे लागले. पत्र्यापलीकडून श्रीमंत खाकरला, मुद्दाम. मग म्हणाला, गाय आली, आता गोऱ्हा सोड. सिंधूने रिकामा तांब्या पत्र्यावर आपटला. धार निघाली नाही, गोऱ्हा सुटणार नाही, असं ठणकावून सांगितलं. त्या रात्री दोन्ही बाजूंच्या गाई हंबरत होत्या, आणि दोन्ही घरांत चहा काळा झाला.

सकाळी सिंधू मला म्हणाली, देगलूरला चला, वासरू घेऊन येऊ. माझं माहेर त्या बाजूचं, तेलुगू मला येतं. आम्ही बसने गेलो, पुढे जीपने.

काजळी जिच्याकडे होती तिचं नाव पार्वतम्मा. साठीची, एकटी बाई, दोन खोल्यांचं घर. दारात कडुनिंबाखाली काजळीची कालवड बांधलेली. पार्वतम्मा शेजारणीकडून म्हशीचं दूध मागून आणून, त्यात बोटं बुडवून तिला चोखायला देत होती. म्हशीचं दूध त्या लेकराला जड जात होतं, हगवण लागून शेपटी घाण झाली होती. आम्ही कोण ते सांगितल्यावर तिने आम्हाला बसायला घोंगडं टाकलं, पण तोंड फिरवून घेतलं. मग हळूहळू बोलली. ती लेकीकडे गेली असताना तिच्या पोराने, सत्यमने, गाय देऊन टाकली. घेणारा म्हणाला होता, कालवड नको, नुसती गाय दे. तेव्हापासून तिने पोराला आपल्या हातचं जेवण दिलेलं नाही. तो समोर राहतो, तिच्या चुलीचा धूर बघतो आणि बाहेर खातो.

मी हे सिंधूला सांगितलं. तिला मनापासून बरं वाटलं. अजिबात वाकू नको म्हणावं, असं तिने मला सांगायला लावलं, आणि पार्वतम्माने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग सिंधूने वासरू मागितलं. तिच्या वडिलांनी दिलेली गाय कशी गेली, ते सगळं मी तेलुगूत सांगितलं, थोडं वाढवूनच सांगितलं. पार्वतम्माने ऐकून घेतलं. मग ती एकच वाक्य बोलली.

"काय म्हणायली?" सिंधूने विचारलं.

मला खोटं सांगता आलं असतं. पण सिंधू माझ्या तोंडाकडे बघत होती.

"म्हणते, माझी गाय आणून बांध. मग वासराचं बोल."

कालवड पार्वतम्माची बोटं चोखत होती, आणि बोटांत दूध संपलं की मान वर करून कासेला द्यावी तशी तिच्या गुडघ्याला ढुशी देत होती. सिंधू उठली. उद्या आणते म्हणावं, एवढंच म्हणाली.

बसस्टँडवर मी तिला वाट्टेल ते बोलले. बापाने दिलेली गाय, एवढं सगळं करून मिळवलेली, आणि ही परत देऊन मोकळी. तो श्रीमंत दात काढून हसेल, हेही बोलले.

"हाव, माझी व्हती," ती म्हणाली. "पण तिचं लेकरू हितं हाय. मी काय भाऊजीवानी नेऊ?"

दुसऱ्या दिवशी भागवत स्वतः टेम्पो घेऊन आला, कुणी न सांगता. त्याचं हे एक मी मान्य करते. काजळी उतरली ती धावतच कडुनिंबाखाली गेली. कालवडीने कासेत तोंड घातलं आणि पहिल्याच ढुशीला चारही सडांतून दूध गळायला लागलं. पार्वतम्मा खाली बसली, अंगठा आणि दोन बोटांनी धार काढू लागली. सिंधू काजळीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती आणि पहिल्यांदा, सगळ्यांच्या देखत, रडली. पार्वतम्माने फेसाळ दुधाचा तांब्या तिच्या हातात दिला. तिने तो उभ्यानेच संपवला. मी श्रीमंतला तिथूनच मराठीत आणि तेलुगूत, दोन्ही भाषांत शिव्या घातल्या.

संध्याकाळी गावात उतरलो. रिकाम्या टेम्पोकडे बघून श्रीमंत बाजेवरून म्हणाला की गाय गेली, आता त्या गोऱ्ह्याला कशाला चारत बसतेस. त्याच्या मागे जर्शी हंबरत होती. आवाज आता बसला होता, कासेचा तो भाग लाल झाला होता. सिंधू तिच्याकडे बघत उभी राहिली, मग आत गेली आणि गोऱ्ह्याचं दावं धरून सरळ त्याच्या गोठ्यात शिरली.

श्रीमंतला वाटलं, हरली. त्याने रेणुकाला बादली आणायला हाक मारली. गोऱ्ह्याने दावं हिसडून कासेत तोंड घातलं, जर्शीने मान वळवून त्याला शेपटीपर्यंत चाटलं आणि सुजलेल्या सडातूनसुद्धा दूध उतरलं. रेणुका बादली घेऊन वाकली, तर सिंधू मध्ये उभी राहिली.

"आज ह्यो पोटभर पील," ती म्हणाली. "तिच्यासाठी आणलाय. तुमच्यासाठी न्हाई."

श्रीमंत उठला. गल्लीतली चार माणसं दारात जमली होती, मी भिंतीवर कोपरं टेकून पुढेच होते. सिंधू हलली नाही. गोऱ्ह्याच्या तोंडातून फेस गळून मातीत पडत होता, दूध वाया जात होतं, आणि श्रीमंत ते बघत उभा होता. गोऱ्हा तृप्त होऊन बाजूला झाला, तोपर्यंत बादली रिकामीच राहिली.

"उद्यापासून काढा धार," सिंधूने दावं खुंटीला बांधत सांगितलं. "ह्याला इकलं की ती आटती, ध्यानात ठेवा. आन् तुमचं माझं मिटलं असं समजू नका."

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. जर्शीची कास बरी झाली. श्रीमंतच्या गोठ्यात तो निरुपयोगी गोऱ्हा दोन्ही वेळा आधी पितो, मग उरलेलं दूध केंद्रावर जातं. श्रीमंतने अजून त्याला विकलेलं नाही. मी रोज भिंतीवरून बघते, विकून बघावंच एकदा त्याने.